चर्चच्या मागचं अंगण

बर्नो नावाचं शहर चेक देशात आहे, असं नकाशा म्हणतो. मला विचाराल तर ते बंगळुरात, चामराजपेटेत, लाल गुळगुळीत जमिनीच्या एका जुन्या घरात, माझ्या बायकोच्या मामांच्या डोक्यात आहे. तिकडे चेक देशात त्याची एक प्रत ठेवलेली असावी, इतकंच. मामा बर्नोला कधी गेलेले नाहीत. ते कुठंच गेलेले नाहीत. पण त्या गावाच्या टेकडीवर दोन उंच सुळक्यांचं जे प्रसिद्ध चर्च आहे, त्याच्याबद्दल तिथला जन्माचा रहिवासी जरी बोलायला लागला तरी मामा त्याला मध्येच थांबवून दुरुस्त करतील. आणि ही माझी अतिशयोक्ती नाही. असा एक रहिवासी मामांचा सख्खा जावई आहे. तो बिचारा एकदा फोनवर कौतुकानं म्हणाला की आमचं चर्च फार पुरातन आहे. मामांनी मुलीला दुभाषी करून त्याला तिथल्या तिथं कळवलं, "गाभा पुरातन. शिखरं नंतरची. तुझ्या पणजोबांच्या वेळची. नीट सांग त्याला." तेव्हापासून जावई सासऱ्यांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलतो.

मामांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आलं आणि मग घोडा विकून इथंच राहिलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मुरली आहे की वेगळी काढता येत नाही. मी खानापूरकडचा, दोन्ही भाषांच्या मधोमध वाढलेला, तरी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा गांगरलो. "बारा वाजता जेवायला या," असं निमंत्रण होतं. आम्ही जे. पी. नगरहून रिक्षानं साडेअकरालाच पोहोचलो, नव्या जावयाला शोभेल असे लवकर. दार उघडलं तर मामा आडवे झालेले. म्हणाले, "अय्यो, जेवून सोडलं की आम्ही! बारा वाजून अर्धा तास झाला." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या. बायको जमिनीकडे बघत होती. त्या दिवशी मी दहीभात खाल्ला आणि बर्नोचा इतिहास ऐकला.

तो इतिहास असा. फार पूर्वी स्वीडनच्या सैन्यानं त्या गावाला वेढा घातला होता. गाव काही केल्या पडेना. शेवटी कंटाळून सेनापती म्हणाला, आज दुपारी बारापर्यंत गाव हाती आलं नाही तर आपण परत जायचं. ही बातमी गावात फुटली आणि कुणीतरी शहाण्यानं चर्चच्या मनोऱ्यावर चढून अकरालाच बाराचे टोले दिले. सैन्य शब्दाला जागून निघून गेलं. तेव्हापासून आजपर्यंत त्या चर्चमध्ये दुपारचे बारा अकरा वाजता वाजतात. ही दंतकथा आहे, असं मामांची मुलगी सांगते. मामांना दंतकथा हा शब्द चालत नाही. "तासभर आधी घंटा वाजवून एक आख्खं गाव वाचवलं," ते म्हणतात, "आणि आपण स्वल्प लवकर जेवायचं तर लोकांना त्रास!" म्हणून मुलगी शिकायला त्या गावी गेली त्या वर्षापासून मामांच्या घरी रोज अकराला देवघरातली घंटा बारा वेळा वाजते आणि ताटं मांडली जातात. दूधवाला, गॅसवाला, समोरच्या घरचे कन्नड मास्तर, सगळ्यांना हे केव्हाच सवयीचं झालंय. पाहुणे मात्र अजून फसतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक नाणं आहे. मुलगी पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा तिच्या पर्सच्या तळाशी राहिलेलं तिकडचं दहाचं नाणं मामांच्या हाती पडलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला ते चर्च. मामा आयुष्यभर सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. इमारतीचे नकाशे काढणं हे त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ नकाशा काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी भिंग घेतलं आणि ते नाणं वाचायला सुरुवात केली. वाचायलाच म्हणतो मी, कारण दुसऱ्या शब्दात ते बसत नाही. मी त्यांना म्हटलं, मामा, मोबाईलवर हजार फोटो आहेत, सगळ्या बाजूंनी. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू देवळात चप्पल घालून आलोय. "फोटो कुणीही काढतं हो जावई. नाण्यावर देश सही करतो."

नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा सिंह हा त्यांचा दुसरा संसार. चेक लोकांचा राष्ट्रीय सिंह दोन शेपटांचा असतो. मामांनी तो मोठा करून काढला, रंगवला आणि दारावर चिकटवला. तोरणाच्या खाली आणि कर्नाटकाच्या गंडभेरुंडाच्या शेजारी. आता गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? मामा समजावून सांगत, "आपल्या पक्ष्याला डोकी दोन, त्यांच्या सिंहाला शेपटं दोन. दोघांनाही देवानं एकेक जास्तीचं दिलंय. नातं जुळायला आणखी काय लागतं?" मुलीनं तिथल्याच मुलाशी लग्न ठरवल्याचं कळलं तेव्हा जवळच्या नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली होती. मामांनी ती या एका वाक्यावर मिटवली. तसंच त्यांच्या लिंडन वृक्षाचं. तो चेक लोकांचा राष्ट्रीय वृक्ष, पान हृदयाच्या आकाराचं. मामांनी कोपऱ्यावरच्या अश्वत्थकट्ट्यावरून पिंपळाचं पान आणलं, नजरेसमोर धरलं आणि जाहीर केलं की हा तोच, फक्त उन्हानं जरा टोकदार झालाय. कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ते आजही पिंपळाखाली बसून लिंडनबद्दल सांगतात. म्हातारे माना डोलावतात, कारण मामा थर्मासमधून कॉफी नेतात.

चर्चची बांधणी समजून घ्यायला त्यांनी बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळच्या जुन्या चर्चला फेऱ्या मारल्या. तेही उंच, टोकदार कमानींचं. टोकदार कमान म्हणजे काय हे मामा कुणालाही एका क्षणात समजावतात. दोन्ही हात जोडायला सांगतात आणि म्हणतात, "झाली." तिथं ते प्रत्येक खांबापुढे उभे राहून हात जोडत, जोडलेल्या हातांमधून वर बघत आणि कोन ताडत. आठवडाभर हे पाहून तिथल्या राखणदाराला वाटलं, हा माणूस मोठ्या संकटात आहे. त्यानं हळूच एक मेणबत्ती आणून दिली. मामा त्याला खरी गोष्ट सांगायला लागले, मग थांबले, मेणबत्ती घेतली आणि लावली. मी बरोबर होतो. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं? म्हणाले, "तिच्या पायासाठी लावली. फुकट का घालवा?"

ती म्हणजे मामी. मामींची उजवी बाजू बरीच वर्षं लुळी आहे. जीभ मात्र देवानं शाबूत ठेवली, आणि दोन्ही बाजूंचं काम तिच्यावर सोपवलं. त्या हॉलच्या खिडकीशी खुर्चीत बसून घर चालवतात. मुलगी दरवर्षी म्हणायची, अण्णा, या ना एकदा, तुमचं चर्च दाखवते. मामा म्हणायचे, "मला थंडी सोसत नाही." हे सांगणारा माणूस डिसेंबरातही पहाटे विहिरीसारख्या गार पाण्यानं आंघोळ करतो. मामींना सोडून ते एक रात्र बाहेर राहात नाहीत आणि तसं कधी कुणाला सांगत नाहीत. मामीही सांगत नाहीत. त्या म्हणतात, "यांना विमानात अकराला जेवण कोण देणार?"

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला की नवरात्रात ती येणार, लेकीला घेऊन. नात तोवर पाच वर्षांची झाली होती आणि मामांनी तिला फक्त मोबाईलच्या चौकोनात पाहिलेलं. त्या चौकोनात ती यायची, अज्जाकडे बघायची आणि निघून जायची. मुलीनं सांभाळून सांगितलं, "अण्णा, ती लाजाळू आहे हं. तिला मराठी समजतं थोडं, पण बोलत नाही. लगेच जवळ येणार नाही. मनाला लावून घेऊ नका." मामा "सरी, सरी" म्हणाले, म्हणजे बरं, बरं. फोन ठेवला. मग मामींना म्हणाले, "तिला इथं परकं वाटायचं नाही. दारात आल्याबरोबर आपलं काहीतरी दिसलं पाहिजे तिला. मी चर्च बांधतो." आणि त्या क्षणापासून दसऱ्यापर्यंत त्या घरात दुसरा विषय निघाला नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत हट्टी पाहिलं होतं, पण त्या वेळी हट्टामागे भीती होती. नातीनं आपल्याला ओळखलंच नाही तर? असं ते बोलले नाहीत. पण एकदा गोंद ढवळता ढवळता मला विचारलं, "पाच वर्षांच्या मुलांना किती आठवतं हो?"

आमच्या इकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, सगळ्यात वर लाकडी राजाराणी, ज्यांना पट्टद गोंबे म्हणतात, आणि ते जोडपं लग्नात मुलीला माहेरहून मिळतं. खाली देव, मिरवणूक, आणि एका कोपऱ्यात वाणसामान मांडून बसलेला पोट सुटलेला, टकला शेट्टी आणि त्याची बायको. शेट्टीशिवाय मांडणी होत नाही. मामींच्या माहेरच्या बाहुल्या अख्ख्या गल्लीत नावाजलेल्या. मामांनी ठरवलं की या वर्षी त्यांच्यात बर्नोचं चर्च उभं राहील, आणि नाण्याबरहुकूम. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या भिंती, काचेच्या बांगड्यांच्या गोल खिडक्या, आणि सुळके अगरबत्तीच्या काड्यांचे. नुसत्या काड्या बाजारात मिळतात, पण मामांनी घरातल्याच अगरबत्त्या वापरल्या. त्यामुळे ते चर्च मोगऱ्याच्या वासाचं झालं. एक सुळका दोनदा वाकला. तिसऱ्या वेळी गोंद वाळेपर्यंत दोन्ही सुळके धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका रविवारी दोन्ही हात वर करून हॉलच्या मध्यभागी उभा होतो आणि मामा कॉफी प्यायला आत गेले. आत त्यांना समोरचे मास्तर भेटले. खिडकीशी बसल्या बसल्या मामी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हलू नका हो. चर्चपेक्षा तुम्हीच बरे दिसताय."

पुढची बाजू झाली तेव्हा अडचण कळली. नाण्याला पुढून दिसतं तेवढंच माहीत. मागे काय, ते नाणं सांगत नाही. मी पुन्हा मोबाईल काढला. मामांनी तो माझ्या खिशात परत ठेवला. "जे कागदावर दिलेलं नाही ते आपल्या अंदाजानं काढायचं नसतं," ते म्हणाले. मी म्हटलं, मग मागची बाजू मोकळी ठेवणार? तर म्हणाले, "मोकळी का? मला जे माहीत आहे ते काढीन." त्यानंतर त्यांनी चर्चची पाठ पंच्यानं झाकली आणि कुणाला बघू दिली नाही.

सिंहाचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. बाहुल्यांमध्ये देवीचा मातीचा सिंह होता, मामींच्या आजीच्या वेळचा. मामी दुपारी झोपल्या असताना मामांनी त्याला तारेचं आणि सुतळीचं दुसरं शेपूट जोडलं. मामी उठल्या आणि जे काही बोलल्या ते समोरच्या मास्तरांनीही ऐकलं. "माझ्या माहेरच्या सिंहाला शेपूट लावणारे तुम्ही कोण?" मामा खाली मान घालून म्हणाले, "नातीच्या ओळखीचा कुणीतरी असावा घरात." मामींनी शेपूट निरखून पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सुतळी दिसतेय. वरून रंग तरी द्या."

नात आली त्या दिवशी माझ्या बायकोनं दारात पांढऱ्या, लाल आणि निळ्या रंगांची त्यांच्या झेंड्याची रांगोळी काढली होती. मामांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि रस्त्यावर टॅक्सीचा आवाज आला की दर वेळी उभे राहात होते. अखेर खरी टॅक्सी आली. मुलगी उतरली, आणि तिच्या मागून एक सोनेरी केसांची, मामींच्याच नाकाची पोरगी, आईच्या ओढणीत तोंड लपवून. मामा पुढे झाले, पाठ केलेला चेक नमस्कार मोठ्यानं म्हणाले, "दोब्री देन!" पोरगी आणखीच आत शिरली. मुलगी हसत म्हणाली, "अण्णा, हे दुकानदाराला म्हणतात. घरात नाही कुणी म्हणत." मामा "हो का" म्हणाले आणि बाजूला झाले. नातीनं झेंडा ओलांडला, सिंहाकडे बघितलं नाही, हॉलमध्ये तिपाईवर उभ्या असलेल्या चर्चकडे बघितलं नाही. ती सरळ जाऊन मामींच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिला फक्त ती खुर्ची आवडली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही मुद्दाम रजा टाकून गेलो होतो, कारण मामांचा मुख्य कार्यक्रम अकराचा होता. त्यांनी चर्चच्या मनोऱ्यात घंटा बसवली होती, देवघरातलीच. नात प्रवासानं दमून आत झोपली होती. मुलगी म्हणाली, झोपू दे. मामा म्हणाले, "घंटा ऐकून उठेल की, घरच्यासारखी." ठीक अकराला त्यांनी बारा टोले दिले. नात घंटा ऐकून उठली खरी, पण घाबरून, भोकाड पसरून. तिची आई तिला कडेवर घेऊन खिडकीपाशी गेली आणि मामा हातात घंटेची दोरी धरून उभे राहिले. तासभर रडणं चालू होतं. मामी म्हणाल्या, "सैन्यही पळालं, नातही पळाली." एरवी मामांनी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते मागच्या अंगणात जाऊन दगडावर बसले. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि मी गेलो. मामांनी पहिल्यांदाच ताटावरून उठून अन्न टाकलं होतं.

दुपार कलली तशी आत नात कुरकुरायला लागली. आईची ओढणी ओढून काहीतरी विचारत होती. आम्ही आत आलो. मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, "अण्णा, ती विचारतेय, घंटा का नाही वाजली?"

"वाजली की! अकराला वाजवली. तिच्यासमोर."

"तिचे अकरा आत्ता वाजतायत, अण्णा. तिथं. आमचं घर टेकडीच्या खालीच आहे ना. घंटा झाली की हिला बालवाडीत जेवायला बसवतात. तिला भूक लागलीय."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत होते. मामा त्या घड्याळाकडे बघत राहिले. मीही बघत होतो, आणि मला आतून हसू फुटत होतं, आणि हसवतही नव्हतं. किती वर्षं हा माणूस तिकडच्या घंटेवर जेवत होता, पण चामराजपेटेच्या घड्याळावर! इतका हिशेबी ड्राफ्ट्समन, आणि हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. आमच्याही आलं नाही, कारण आम्ही मामांना हसण्यात गुंतलो होतो. चूक कबूल करणं मामांच्या स्वभावात नाही. त्यांनी घसा साफ केला, "सरी" म्हणाले आणि दोरी हातात घेतली. या वेळी हळू, एकेक टोला देत. नातीनं ओढणी सोडली. तिसऱ्या टोल्यापासून ती ओठ हलवून मोजायला लागली, आणि बारावा झाला तशी जमिनीवर फतकल मारून बसली आणि जेवणाची वाट बघू लागली. मामींनी डाव्या हातानं डोळे पुसले आणि वर "डोळ्यांत अगरबत्ती गेली" असं सांगितलं.

सारभात खाऊन झाल्यावर नात चर्चकडे गेली. पुढून तिनं ते एकदा निरखलं, जसं आपण रोजच्या बसस्टॉपकडे बघतो. मग मागे गेली आणि पंचा ओढला. मामा "थांब" म्हणेपर्यंत झालं होतं. आम्ही सगळेच मागे जाऊन वाकलो. चर्चच्या पाठीला लागून मामांनी त्यांच्या घराचं मागचं अंगण केलं होतं. धुण्याचा दगड, नारळाचं झाड, दोरीवर चिंधीएवढी लाल साडी, आणि एका खिडकीशी काडेपेटीची खुर्ची, तिच्यात कापसाच्या केसांची एक बाहुली. नातीनं बाहुलीकडे बघितलं, मामींकडे बघितलं, आणि मोठ्यानं हसली. ते त्या घरातलं तिचं पहिलं हसू. मग तिनं आईला काही विचारलं. "विचारतेय, अज्जा कुठाय?" मामा म्हणाले, "मी पुढं, घंटेशी." नातीला ते पटलं नाही. ती उठून बाहुल्यांच्या पायऱ्यांकडे गेली, सगळ्या देवांना ओलांडून तिनं टकला शेट्टी उचलला, त्याच्या बायकोपासून वेगळा केला, आणि आणून काडेपेटीच्या खुर्चीशेजारी ठेवला. मग बोट दाखवून म्हणाली, "अज्जा." मामांच्या टकलावरून हात फिरला, त्यांचाच. "दोब्री देन म्हटलं होतं ना मी," ते म्हणाले, "दुकानदार झालो."

त्यानंतरचे दिवस त्यांचे अडीचला जेवण्यात आणि कट्ट्यावर पिंपळाची पानं गोळा करण्यात गेले. विमानतळाकडे निघताना नात मामांच्या कडेवर होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. टॅक्सी गेल्यावर मामा रांगोळी पुसायला बसले. मी म्हटलं, राहू दे की आज. ते म्हणाले, "राहू दे तर," आणि पुसायचं थांबवलं. बाहुल्या रीतीप्रमाणे पेटीत गेल्या. चर्च गेलं नाही. शेट्टीही गेला नाही. त्याची बायको यंदा एकटीच पेटीत आहे.

मग एका रविवारी मुलीचा फोन आला. आम्ही तिथंच होतो. ती सांगत होती की आज ते टेकडीवर गेले होते, खऱ्या चर्चला. लेक आईचा हात सोडून पळत मागच्या बाजूला गेली. भिंतीला वळसा घालून गेली, थांबली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. आई धावत पोहोचली तेव्हा ती भिंतीशी उभी राहून रडत होती. अज्जा-अज्जीचं घर कुठाय, असं विचारत होती. इथंच होतं म्हणाली. नारळाचं झाड होतं.

फोन मामांच्या हातात होता. मग त्यांनी घसा साफ केला आणि त्या हट्टी आवाजात, जो मी आता चांगलाच ओळखतो, म्हणाले, "तिला सांग, चूक त्यांची आहे. नाण्यावर मागची बाजू दाखवली असती तर घर तिथंच बांधून सोडलं असतं."

परवा मी दुपारी बाराच्या सुमारास गेलो, तर आश्चर्य, जेवणं व्हायची होती. मामी म्हणाल्या, "बसा. अजून पुष्कळ वेळ आहे." तिकडे थंडीत घड्याळ एक तास मागे घेतात, त्यामुळे आता साडेतीनला. मामांना ॲसिडिटीचा त्रास सुरू झालाय, पण ते कुणाचं ऐकत नाहीत. त्यांनी मला चर्चच्या मागे नेलं आणि नवीन काम दाखवलं. पाठीच्या भिंतीला त्यांनी एक दार केलं होतं, चर्चमधून थेट अंगणात उघडणारं, बिजागरीसकट. बिजागरी कागदाची होती, पण दार खरंच उघडत होतं. "तिला वळसा पडत होता," मामा म्हणाले. मी ते दार उघडून बंद करून बघितलं. समोर खुर्चीत कापसाच्या केसांची मामी, शेजारी टकला शेट्टी, दोघांचीही तोंडं आता दाराकडे केलेली. मग आम्ही तिघं ताटं मांडून बसलो आणि साडेतीन वाजायची वाट बघत राहिलो.